प्रागच्या भिंतीवरचं एक नाव

पहिली चूक म्हणजे शनिवारी गेलो. प्रागच्या ज्यू वस्तीतली प्रार्थनामंदिरं (सिनेगॉग) शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. चेक प्रजासत्ताकातल्याच बर्नो शहरातल्या माझ्या घरमालकीणबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. म्हणून त्यांच्या आईच्या आत्याचं नाव पिंकास सिनेगॉगच्या भिंतीवर बघायला मी निघालो होतो. मुक्काम एक दिवस वाढवला.

रविवारी दार उघडताच आत. पुरुषांनी डोकं झाकायचं, कागदी टोपी तिथेच मिळते. बोहेमिया-मोरावियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं इथे हातानं रंगवली आहेत. १९५४ ते १९५९ मध्ये लिहिलेली ही नावं ओलीमुळे खराब झाली, १९६८ मध्ये इमारत बंद झाली, आणि १९९२ ते १९९६ मध्ये सगळी पुन्हा लिहावी लागली. इतकी नावं दोनदा!

अर्धा तास आडनाव शोधत फिरलो, व्यर्थ. इथे आधी गाव लागतं, मग आडनाव. गाव म्हणजे शेवटचं राहतं गाव. बाईंनी मला दिलं होतं जन्मगाव. आत्या लग्न होऊन दुसरीकडे गेली होती, म्हणजे माझ्याकडचं आडनावही माहेरचं. (आपल्याकडच्या वंशावळी धुंडाळणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही.)

बाहेर बाकावर बसून बाईंना फोन केला, सासरचं आडनाव घेतलं आणि होलोकॉस्ट डॉट सीझेड या संकेतस्थळावर टाकलं. तिथे जन्मतारीख, शेवटचा पत्ता, नाझींनी कोणत्या गाडीनं कुठे नेलं हे मिळतं. चेक बायकांच्या आडनावाला 'ओव्हा' लागतो, जर्मन कागदांत तो बहुधा गळतो. दोन्ही रूपं शोधा. जन्मतारीख हाताशी ठेवा, एकाच नावाची माणसं ढिगानं निघतात.

भिंतीवर फक्त गेलेले आहेत. जे जिवंत राहिले त्यांच्यासाठी जर्मनीतलं आरोल्सन अर्काइव्ह्ज हे नाझी छळाच्या कागदपत्रांचं दफ्तर बघा. पुष्कळसे कागद घरबसल्या फुकट दिसतात, अर्जही करता येतो. मात्र उत्तराला महिने लागतात. टेरेझीनला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलं त्या गावाला, जायचं तर प्रागच्या होलेशोव्हित्से स्थानकावरून बस आहे, तासाभराचा रस्ता.

नाव सापडलं, डोक्याच्या वर. पुढे मृत्यूची नाही, गाडीची तारीख. त्यानंतरचं कुणालाच ठाऊक नाही. फोटो काढताना आजूबाजूच्या ओळीही घ्या, एका घरातली माणसं शेजारी-शेजारी असतात. फ्लॅश नको.

बर्नोला बाईंनी भिंग लावून फोटो पाहिला आणि आत्याच्या पुढच्या नावावर बोट ठेवलं. आत्याला मुलगी होती, हे त्यांना माहीत नव्हतं.