नोंद ७ : एकाच पत्त्यावर पाच अंक

उत्तर अमेरिकेतील एका महाराष्ट्र मंडळाचे संकेतस्थळ बंद पडून बरीच वर्षे झाली आहेत. त्यावरची पीडीएफ वार्तापत्रे शोधण्याचे माझे काम या महिन्यात बरेच पुढे सरकले, पण ते माझीच एक चूक लक्षात आल्यामुळे. ती चूक येथे सविस्तर मांडते.

वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहात, साठवलेल्या पानांच्या मजकुरात हवा तो शब्द टाकून शोधण्याची सर्वसाधारण सोय नाही, त्यामुळे शोध घ्यायचा तो पत्त्यांचा. त्यासाठी सीडीएक्स ही यादी मागवता येते. तिच्या प्रत्येक ओळीत मूळ पत्ता, वर्षापासून सेकंदापर्यंतचा चौदा आकडी काळ, फाइलचा प्रकार, सर्व्हरने दिलेला प्रतिसाद-क्रमांक, मजकुराचा ठसा (डायजेस्ट) आणि आकार असतो. मी संपूर्ण डोमेन मागवून ‘फक्त पीडीएफ’ आणि ‘फक्त २००’ (म्हणजे ‘पान मिळाले’ असा प्रतिसाद) अशा दोन चाळण्या लावल्या होत्या. शिवाय यादी आटोपशीर व्हावी म्हणून प्रत्येक पत्त्याची एकच ओळ राहील अशी घडी घातली होती. चूक झाली ती या घडीत.

यादीत ‘चालू अंक’ अशा अर्थाच्या नावाची एक फाइल होती. ती उघडली, २००३ चा दिवाळी अंक मिळाला आणि मी समाधानाने पुढे गेले. वास्तविक मंडळाचे कार्यकर्ते दर वेळी नवा अंक त्याच नावाने जुन्यावर चढवत असत, आणि माझ्या घडीने त्या पत्त्याची सर्वांत जुनी ओळ ठेवून बाकीच्या गिळल्या होत्या. पत्त्याऐवजी ठशावर घडी घातल्यावर त्याच फाइलच्या सहा ओळी समोर आल्या. ठसा मजकुरावरून काढलेला असतो, त्यामुळे फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. सहापैकी दोन ओळी एकाच अंकाच्या निघाल्या, कारण दुसऱ्या प्रतीत देणगीदारांच्या यादीतले एक आडनाव दुरुस्त केलेले होते. मंडळात काम केलेल्यांना त्यामागची धावपळ वेगळी सांगायला नको. म्हणजे एका पत्त्यावर पाच अंक होते आणि मी त्यांतला एकच घेऊन घरी आले होते.

एक मात्र ध्यानात ठेवावे : ही घडी फक्त लागोपाठच्या ओळींवर चालते. त्यामुळे वेगवेगळ्या पत्त्यांवर तोच ठसा पुन्हा आला, तर तो आपल्यालाच शोधावा लागतो, आणि तसे शोधणे उपयोगीही ठरते. आणखी एका यादीत प्रकाराची चाळणी न लावता नुसती पीडीएफ नावे पाहिली, तेव्हा नऊ निरनिराळ्या नावांचा ठसा एकच निघाला. ती नऊही ‘पान सापडले नाही’ अशी सूचना होती. सर्व्हरने ती २०० क्रमांकासह पाठवली होती, एवढेच.

रोमन लिपीतल्या ‘दिवाळी’चाही असाच घोळ आहे. कोणी ती व्ही वापरून लिहितो, कोणी डब्ल्यू, कोणी दोनदा ई, तर कोणी थेट ‘दीपावली’. चारही रूपे एकाच चाळणीत घातल्यावर आणखी तीन फाइली सापडल्या.

मिळालेल्या अंकांतला मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. तो नक्कल करून चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. अक्षरे बदलून देणारा तक्ता मी तयार केला आहे, पण ऱ्हस्व वेलांटी अजून त्रास देते, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते त्याच क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते. ‘दिवाळी’त आधी वेलांटी येते आणि मग द, ती एक घर पुढे सरकवणे सोपे आहे. ‘स्थिती’सारख्या शब्दात मात्र तिला संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते, आणि तेथे माझा तक्ता अडखळतो. सध्या असे शब्द हाताने दुरुस्त करते आहे. पाचांपैकी दोन अंक पूर्ण झाले, तिसऱ्याच्या अकराव्या पानावर आहे.