माळवदाखालचे प्रदर्शन : आमची वाटचाल

अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीतील आमच्या राहत्या वाड्यात दर मार्गशीर्षात चित्रांचे प्रदर्शन भरते. मी रंगवते, यजमान फ्रेम बनवतात आणि ज्या खोलीत चित्र तयार झाले त्याच खोलीत ते पाहणाऱ्यासमोर ठेवले जाते. योगेश्वरी देवीचा मार्गशीर्ष नवरात्रोत्सव शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत चालतो, आणि देवी कुलस्वामिनी असल्यामुळे कोकण, पुणे व मुंबईकडची कुटुंबे परळीच्या स्टेशनावर उतरून इथे येतात. दर्शन झाल्यावर त्यांच्यापाशी अर्धा दिवस मोकळा असतो. शहरातल्या कलादालनात हजार माणसे येऊन जातात, पण इतक्या निवांतपणे चित्रासमोर बसणारा माणूस तिथे क्वचितच भेटतो, म्हणून आम्ही तारखा ठरवल्या त्या याच.

या व्यवसायातले आमचे पहिले भागीदार म्हणजे सुतारमामा. त्यांनी भांडवल म्हणून एक रुपयाही घातला नाही. त्यांनी रंधा, पटाशी, काटकोन तपासायचा गुण्या आणि सागवानाची जाण आणली. बाजारातल्या तयार पट्ट्या ते हातात घेऊन परत ठेवून देत. पंचेचाळीस अंशांत कापलेल्या दोन टोकांच्या मध्ये कागद सरकला, तर ती पट्टी ते पुन्हा कापायला लावत. पुढे आम्ही पट्ट्या ठरावीक कोनात कापणारी मायटर सॉ ही करवत आणि कोपरे जोडायला व्ही आकाराचे खिळे ठोकणारे अंडरपिनर हे यंत्र घेतले, तरी कोपरा जुळला की नाही हे आजही त्यांच्या जुन्या गुण्यानेच तपासले जाते, कारण यंत्राचे पाते थोडे जरी हलले तरी चारही कोपऱ्यांत तोच दोष उतरतो.

वाड्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत. त्यांत खिळा जात नाही, आणि गेलाच तर सांध्यातली माती सुटते. म्हणून आम्ही तुळयांना लोखंडी नळ्या आडव्या बांधून त्यांवरून पोलादी तारांनी चित्रे सोडतो. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावलेल्या असतात, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते आणि दगडाचा ओलावा माउंटपर्यंत, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यापर्यंत, पोहोचत नाही. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवण्याची रीत आहे. आमच्या ओसरीवर माणसे सतरंजीवर बसून पाहतात, तेव्हा तिथली चित्रे आम्ही बरीच खाली आणतो. प्रकाश लक्स या एककात मोजतात; संग्रहालये जलरंगांसाठी 50 लक्स आणि तैलरंगांसाठी 200 लक्स प्रकाश सुरक्षित मानतात, तर आमच्या चौकात दुपारी पडणारे थेट ऊन पन्नास हजार लक्सच्याही वर जाते. त्यामुळे जलरंग माजघरात, तैलरंग ओसरीच्या आतल्या बाजूला, आणि चौकात काहीच नाही, हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही.

घडी चांगली बसली होती. अशा वेळी, ज्यांची कामे आम्ही वर्षानुवर्षे उधारीवर करून दिली होती, अशा एका गृहस्थांनी आमच्याच तारखांना मंगल कार्यालय भाड्याने घेऊन चित्रप्रदर्शन मांडले. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मालाबद्दल आहे. तिथली चित्रे यंत्रावर छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे ओढून तयार केलेली होती, आणि बाहेरच्या फलकावर ‘हस्तनिर्मित’ असे लिहिले होते. आमचा कॅनव्हास आणि सागवानी फ्रेम यांचा नुसता खर्च जेवढा, त्याहूनही तिथली किंमत कमी होती. आमच्याकडे वर्षाआड येणारी कुटुंबे तिकडे जाऊन आली आणि आमच्या ओसरीवर बसून भाव पाडून मागू लागली.

याहून अधिक लागली ती दुसरी गोष्ट. आमचे माळवद, म्हणजे वाड्याचे मातीचे सपाट छत, धोक्याचे आहे, तिथे बायकामुलांना नेऊ नका, असे त्या मंगल कार्यालयातून सांगितले जाऊ लागले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. मराठवाड्यात ही आठवण प्रत्येक घरात आहे, आणि तिचा वापर धंद्यासाठी करावा याला माझ्यापाशी क्षमा नाही. आम्ही स्थापत्य अभियंत्याकडून वाडा तपासून घेतला, वर्षानुवर्षे साठलेले पांढऱ्या मातीचे थर उतरवून माळवद हलके केले, तुळयांखाली लोखंडी आधार दिले आणि अहवालाची प्रत दारात लावली. या कामात माझे दागिने गहाण पडले, काचेच्या आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांची देणी थकली, भाड्याचे दुकान सोडून यंत्रे वाड्याच्या पडवीत आणावी लागली, आणि यजमानांनी नोकरीसाठी अर्ज लिहायला घेतले. दोन मार्गशीर्ष असे गेले.

त्या काळात पाठीशी उभ्या राहिल्या त्या मॅडम. त्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आमच्याकडून दरवर्षी एक तरी रेखाटन नेणाऱ्या. अंबाजोगाईच्या हत्तीखाना या लेण्यातील दगडी हत्तींची माझी रेखाटने पाहताना त्या पायाचा सांधा कुठे चुकला ते सांगत आणि जिथे बरोबर आला तेच चित्र घेत. त्या वर्षी त्यांनी मंगल कार्यालयातले एक चित्र विकत घेतले, ते आमच्या ओसरीवर आणले आणि भिंग पुढे करून बसल्या. ‘अहो, हे मागून उघडा बरं, आणि शेजारी तुमचंही एक उघडा,’ असे त्यांनी यजमानांना सांगितले. भिंगाखाली छापील चित्रात शाईचे बारीक ठिपके दिसले; जेलचा फटकारा एका दिशेला जात होता आणि खालचा रंग दुसऱ्या; कॅनव्हासची कडा लाकडावरून वळून गेली तिथेही चित्र तसेच पुढे छापलेले होते. माझ्या कॅनव्हासच्या कडेवर पांढऱ्या अस्तराचा हात आणि सांडलेले रंग होते, आणि मागे तेल झिरपल्याचे डाग. मॅडम उत्सव संपेपर्यंत रोज येऊन बसल्या. त्यांनी कोणाची निंदा केली नाही, येईल त्याच्या हातात फक्त भिंग दिले. त्या वर्षी दागिने सुटले नाहीत, पण लाकडाचे देणे फिटले आणि अर्ज फाडले गेले.

ज्यांना स्वतःच्या घरी असे प्रदर्शन भरवायचे आहे, त्यांना काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. किंमत चित्राशेजारी स्पष्ट लिहावी. नातेवाइकांना वेगळा भाव आणि परक्यांना वेगळा असे करू नये. विकलेले चित्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहील, हे पैसे घेतानाच सांगावे. ओल्या तैलरंगावर घाईने वॉर्निश चढवू नये. वरून कोरडा दिसला तरी आत तो सुकायला सहा महिने आणि जाड थर असेल तर वर्षही लागते, त्यामुळे गिऱ्हाइकाला वॉर्निशसाठी पुन्हा बोलवावे. काच लावताना मध्ये माउंट घालावा, कागद काचेला टेकू देऊ नये, पावसाळ्यात तो चिकटतो. स्वयंपाकघर मात्र बंद ठेवावे, कारण फोडणीचा धूर आणि तेलकट वाफ चित्रावर बसते. चहा शेजारच्या घरून यावा, आमच्याकडे तो जाऊबाईंकडून येतो.

यंदा हत्तीखान्याची संपूर्ण मालिका माजघरात लावली आहे आणि सुतारमामांनी तिच्यासाठी सागवानाच्या अरुंद पट्ट्या स्वतः रंधून दिल्या आहेत. मंगल कार्यालयातले प्रदर्शनही त्याच तारखांना आहे. येणाऱ्यांनी शक्यतो सकाळी यावे, म्हणजे माजघरात पुरेसा उजेड असतो. भिंग ओसरीवर ठेवलेले आहे, आणि कोणत्याही चित्राची मागची बाजू पाहायची असेल तर यजमान ती उघडून दाखवतील.