त्रेचाळीसातून सतरा

जून आला की पहिली ते चौथीच्या मुलांच्या घरी एकच चर्चा सुरू होते: ट्यूशन लावायची का, अबॅकसला, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर हिशोब शिकवणाऱ्या क्लासला घालायचं का, की तबला? निर्णय बऱ्याचदा शेजारची मुलं कुठे जातात त्यावर होतो. त्याआधी मुलाला जवळ घेऊन दहा मिनिटं बसा. कोरा कागद, पेन्सिल आणि मुलाने न वाचलेलं, मागच्या इयत्तेच्या पातळीचं एक पुस्तक, एवढंच लागतं.

आधी वाचन. शाळेतला धडा देऊ नका, कारण तो पाठ असतो आणि चित्र बघूनही म्हणता येतो. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत, म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणाऱ्या पाहणीत, २००५ पासून जी उतरंड वापरतात ती घरीही चालते: गोष्ट, ती जमली नाही तर सोपा परिच्छेद, मग सुटे शब्द, मग अक्षरं. मूल नेमकं कुठल्या पायरीवर अडतं ते लिहून ठेवा. मराठीत बहुतेक अडचण जोडाक्षरांत आणि रफारात असते. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ आणि ‘सूर्य’चं ‘सूरय’ होत असेल, पण बाकी वाचन सरळ असेल, तर ट्यूशनची गरज नाही. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. सुटी अक्षरंच ओळखता येत नसतील तर मात्र थांबू नका, शाळेतल्या बाईंशी त्याच आठवड्यात बोला.

मग गणित. दुसरी झालेल्या मुलाला तोंडी सांगा, “त्रेचाळीसातून सतरा वजा कर, उभी मांडणी करून.” एवढ्या एका गणितात खूप काही कळतं.

मुलाने ४३ च्या जागी ३४ लिहिले, तर गोंधळ संख्येच्या नावात आहे. मराठीत ‘त्रे’ आधी ऐकू येतो आणि ‘चाळीस’ नंतर, म्हणून हात आधी ३ लिहितो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात बावीससाठी ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, त्यामागे हीच अडचण होती. त्यावर वाद खूप झाला, पण अडखळणाऱ्या मुलाला ‘चाळीस तीन’ म्हणायला दिलं की फरक पडतो.

मांडणी बरोबर, पण उत्तर ३४ आलं, तर मुलाने ३ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ३ घेतले. त्याला हातचा कळलेलाच नाही. काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या द्या, एक गठ्ठा सोडायला लावा. आता तीन गठ्ठे आणि तेरा काड्या झाल्या, हे त्याने स्वतः मोजून पाहिलं पाहिजे. उत्तर ३६ आलं तर गोष्ट वेगळी आहे. हातचा घेतला, पण दशकाच्या घरातला ४ खोडून ३ करायचा राहिला. हा लिहिण्याच्या सवयीचा दोष आहे, दहा-पंधरा गणितांत सुटतो. दोन्ही मुलांना शाळेत सारखीच चुकीची फुली मिळते. ट्यूशनमध्येही ‘आणखी सराव’ एवढंच झालं, तर ३४ उत्तर काढलेलं मूल तीच चूक शंभरदा गिरवतं.

म्हणून ट्यूशन घेणाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न हा: एका वेळी किती मुलं, किती इयत्तांची? बारा मुलं आणि चार इयत्ता असतील तर तिथे गृहपाठ उरकतो, शिकवणं होत नाही. महिन्याभराने वही उघडा. सगळी उत्तरं बरोबर आणि खाडाखोड शून्य असेल तर उत्तरं सांगितली जात आहेत. आणखी एक गोष्ट: शाळेतले शिक्षकच खासगी शिकवणी घेत असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने त्याला मनाई आहे.

अबॅकसबद्दल नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त पैसे आणि निराशा इथेच दिसते. प्रत्येक दांडीवर वरचा एक मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. ८ मध्ये ७ मिळवायचे तर १० मिळवून ३ काढायचे, याला ‘बिग फ्रेंड’ म्हणतात. हे मुलांना जमतं. ६ मध्ये ७ मिळवताना मात्र १० मिळवल्यावर ३ काढायला खाली एकच मणी असतो, म्हणून ३ काढण्यासाठी ५ काढून २ घालायचे. दहाच्या आणि पाचाच्या जोड्या तोंडावर नसलेलं मूल इथे अडकतं, बोटं मोजायला लागतं आणि कंटाळून सोडतं. ७ आणि ३, ६ आणि ४ या जोड्या विचारताक्षणी येत नसतील तर अबॅकस सहा महिने पुढे ढकला.

दुसरं, अबॅकसवर ४७ मध्ये ३८ मिळवताना आधी ३० मिळवतात, मग ८. शाळेत एककापासून सुरुवात. मूल थेट ८५ लिहितं, हातचा दाखवत नाही आणि मांडणीचे गुण जातात. दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत हे त्याला आधीच सांगून ठेवा. शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी, हे अबॅकस शिकवत नाही. गणित कच्चं आहे म्हणून तिथे घालण्यात अर्थ नाही. आणि रोजची पंधरा मिनिटं घरी होणार नसतील तर रविवारच्या दोन तासांतून काही उरत नाही.

हाच हिशोब तबला-पेटीला. घरी वाद्य नसेल तर क्लास लावू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक (संगीताच्या पहिल्या) परीक्षेची घाई करणारे गुरुजी असतील तर मूल परीक्षेपुरतंच वाजवायला शिकतं. आधी वर्षभर त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी-खाली देत न चुकता म्हणता येऊ देत. पोहणं मला या सगळ्यांच्या आधी शिकवावंसं वाटतं. मे महिन्याच्या गर्दीच्या बॅचमध्ये प्रशिक्षक पाण्यात उतरतात की काठावरून ओरडतात, एवढं जाऊन पाहा.

वेळेचंही गणित मांडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. जिथे वेळ बदलली तिथे मूल चारला घरी येतं. साडेचार ते साडेनऊ हे पाच तास. जेवणखाण, आवराआवर सव्वा तास, अभ्यास पाऊण तास, जाऊन-येऊन एक क्लास दीड तास. उरतो दीड तास, तो खेळाचा. त्याच दिवशी दुसरा क्लास लावला की तोच जातो.

फी भरताना लेव्हलची फी, किट, परीक्षा आणि स्पर्धेचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. डेमोच्या दिवशी पूर्ण वर्षाचे भरू नका, सवलत दाखवली तरी. डेमो खास पाहुण्यांसाठी बसवलेला असतो. त्याऐवजी नेहमीच्या बॅचमध्ये मागे बसू देतात का विचारा, आणि तिथे मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात ते बघा.