तुम्ही विचारलंत म्हणून : आईच्या पैठणीचा घागरा होईल का?

नाशिकमध्ये नवरीचे कपडे शिवणाऱ्याला लग्नसराईत हा प्रश्न येतोच. आई आणि मुलगी दोघी येतात, पिशवीतून पैठणी निघते. "हिचा घागरा शिवून मिळेल का?" मिळेल, पण कात्री न लावता. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत पक्कं आहे: हातमागावरची धड पैठणी कापू नये. कापली की तिची साडी पुन्हा होत नाही, आणि एकीच्या मापाचा घागरा दुसरीला क्वचितच बसतो.

आधी कापड पाहावं. साडी पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडात धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम घडीवरच आधी विरतं. त्या रेघेवर उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर ती जागा गेली समजा. मग खोचायच्या टोकाकडे दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून हलका ताण द्या, एकदा उभा, एकदा आडवा. धागे सरकून फट पडली तर ते कापड टाका धरणार नाही. शेवटी उलट बाजू. येवल्याच्या हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत काठ-पदरातला मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता विणून शेजारच्यात अडकवलेला असतो. मागे सुटे धागे दिसले तर ती जॅकार्डवरची, म्हणजे यंत्राने नक्षी विणलेली. ती कापायला माझी फारशी हरकत नसते. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं 2010 साली. आईच्या साडीवर त्याचं लेबल शोधण्यात अर्थ नाही, मागची बाजूच खरं सांगते.

आता न कापता घागरा कसा, ते. साडेपाच मीटरपैकी सव्वादोन मीटर पदरासाठी सोडायचं. उरलेले सव्वातीन मीटर, म्हणजे साधारण 128 इंच, कमरेला चुण्यांत बसवायचे. कंबर 30 इंच धरली तर तीस चुण्या. प्रत्येकीत सव्वाचार इंच कापड, त्यातलं एक इंच दर्शनी आणि सव्वातीन इंच आत दुमडलेलं. या चुण्या अडीच इंची पट्ट्याच्या सुती परकरावर हातानेच टाचायच्या, बारीक सुईने आणि रेशमी दोऱ्याने. टाका दोन धाग्यांच्या मधून जावा, धाग्यातून नको, आणि ओढून घट्ट करू नये. मशीन इथे अजिबात नाही. मशीनच्या सुईने जरीचा धागा तुटतो आणि टाके उसवल्यावर भोकांची रांग राहते.

साडीचा पन्हा साधारण 45 इंच, आणि नवरीची कमरेपासूनची उंची चपलेसकट 40 भरली तर पाच इंच जास्त. ते कापायचे नाहीत. नेसताना खोचतो तसे परकराच्या आत सोडायचे आणि वरचा काठ अंगाला टोचू नये म्हणून त्यावर मलमलची पट्टी टाचायची. कमरेला थोडी जाडी येते, हे आधीच सांगितलेलं बरं.

फुगाऱ्यासाठी कॅनकॅन, म्हणजे कडक जाळीचा थर, हवीच असते. ती परकराला लावावी, पैठणीला कधीही नाही. शिवाय दोन्हींच्या मध्ये मलमलचा पूर्ण घेर हवा. कडक जाळी जरीवर घासते आणि दोन-तीन तासांच्या नाचात काठाची जर उचकटते. यात हयगय झाली की फोटो सुंदर येतात आणि साडी जाते.

गंगापूर रोडच्या लॉन्सवर हिवाळ्यातलं रिसेप्शन असेल तर आणखी एक. रात्री गवतावर दव पडतं. ओल्या रेशमावर पाण्याचे डाग राहतात. घागरा जमिनीपासून पाऊण ते एक इंच वर ठेवा आणि खालच्या काठामागे सुती फॉल हाताने लावून घ्या. फिटिंगला लग्नातलीच चप्पल आणा. वेगळ्या टाचेवर घेतलेलं माप हमखास चुकतं.

साडीच्या अंगाचं, म्हणजे काठ-पदर सोडून मधलं, रेशीमच गेलं असेल तर मात्र कात्री लावावी. मग काठ आणि पदर वाचवायचे: काठालगत अर्धा इंच जुनं कापड ठेवून कापायचं, मागे ऑर्गेन्झाचा (पातळ, ताठ कापडाचा) आधार द्यायचा आणि नव्या रेशमावर हाताने बसवायचं. जुना रंग नव्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून मी जुळवण्यापेक्षा एक छटा गडद घेते.

काळवंडलेली जर लिंबाने किंवा टूथपेस्टने घासू नका. लग्न झाल्यावर टाके आठवडाभरात उसवून घ्या, महिने जाऊ देऊ नका. तासाभराचं काम आहे. साडी सावलीत वाऱ्यावर ठेवा, जुनी घडी टाळून नव्या रेघेवर घडी घाला, मलमलमध्ये गुंडाळा आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला.