चित्राला टिकली का लावलीय?

मुंबईतल्या आर्ट गॅलऱ्यांत चित्रं बघायला जायचा आमचा पहिला प्रयत्न रविवारी झाला आणि सपशेल फसला. चूक माझीच. डोंबिवलीहून पाच जणांची वरात काढायची होती: मी, नवरा, नववीतली लेक, दुसरीतला धाकटा आणि ७८ वर्षांचे सासरे, म्हणजे आमचे अप्पा. आणि मी लोकलचा मेगाब्लॉकच बघितला नव्हता. गाडी रखडत रखडत सीएसएमटीला लागली तेव्हा दीड वाजला होता. त्यात फोर्टातल्या खासगी गॅलऱ्या रविवारी बहुतेक बंद असतात, हे तिथे जाऊन कळलं. यादीतल्या तीनपैकी दोन ठिकाणी कुलूप. तिसरी जहांगीर आर्ट गॅलरी, ती रोज उघडी असते, पण तोवर धाकट्याला शू लागली होती, अप्पांना चहा हवा होता आणि नवऱ्याला घर. आईस्क्रीम खाऊन परतलो.

हा खटाटोप लेकीच्या इंटरमिजिएटसाठी, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेसाठी. त्याआधीच्या एलिमेंटरीला बी ग्रेड आली होती. इंटरमिजिएटला ए आली तर दहावीला ७ जादा गुण, बीला ५, सीला ३, हा हिशेब आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. चित्रकलेचे सर म्हणाले, "नुसती किटली आणि कांदा घोटून काय होणार? पोरीला चित्रं दाखवा. खरी. मोबाइलवरची नव्हे." शिवाय पाच जणांनी मॉलमध्ये पाऊल टाकलं की दोन हजार गेले म्हणून समजायचं. गॅलऱ्यांत प्रवेश फुकट.

दुसऱ्या खेपेला शनिवार धरला. जहांगीरमधली प्रदर्शनं आठवड्याला बदलतात, मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, त्यामुळे शनिवारी सगळं नीट मांडून झालेलं असतं. खासगी गॅलऱ्याही चालू. आणि अकराशिवाय काहीच उघडत नाही, म्हणजे पहाटे उठून सगळ्यांवर ओरडायची गरज नाही. साडेनऊची गाडी पकडली, अप्पांना चक्क खिडकी मिळाली.

सीएसएमटीहून टॅक्सी करू म्हटलं तर अप्पा चालायलाच लागले. ३४ वर्षं त्यांनी फोर्टात कारकुनी केली आहे. एरवी घरात गुडघ्याला हात लावून उठणारा माणूस हुतात्मा चौकापर्यंत आमच्या चार पावलं पुढे होता. कुठल्या गल्लीत पूर्वी कोणाचं हॉटेल होतं ते मागे वळून सांगत होते, आम्हाला ऐकू येतंय की नाही याची फिकीर न करता.

काळा घोडा चौकात धाकटा थबकला. "घोड्यावरचा माणूस पडला का?" त्याने राणीच्या बागेजवळ सातव्या एडवर्डला घोड्यावर बसलेलं पाहिलं होतं. मूळचा काळा घोडा तोच, १९६५ मध्ये इथून हलवलेला. चौकातला हा नवा घोडा २०१७ चा, आणि त्याच्यावर कोणीच बसलेलं नाही. अप्पांना जुना पुतळा इथे उभा असलेला आठवतो. "राजा गेला, घोडा राहिला," म्हणाले आणि पुढे निघाले.

मधे एक घोटाळा झाला. नवरा पुढे गेला आणि कोणाला तरी 'जहांगीर' विचारून एका भारदस्त इमारतीत शिरला. तिथून फोन : "तिकीट आहे इथे. माणशी वीस रुपये. फुकट म्हणाली होतीस ना?" तो सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आपली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, रस्त्याच्या पलीकडे. नाव एकाच पारशी घराण्याचं, त्यामुळे गोंधळ होतोच. वीस रुपये काही जास्त नाहीत, पण आज फुकट म्हणजे फुकट, असं ठरलं होतं. त्याला रस्ता ओलांडून आणला.

जहांगीरच्या दाराशी अप्पा थांबले. फूटपाथवर बसणारे चित्रकार त्यांच्या ओळखीचे, म्हणजे ती जागा ओळखीची. पण दाराच्या आत ते एकदाही गेले नव्हते.

"नाव लिहावं लागतं का?"

"नाही, अप्पा."

"काही घ्यावं नाही लागत ना?"

"अहो, नाही. बघायचं आणि यायचं."

वॉचमनने मानसुद्धा वर केली नाही. आत गेल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "एकदा पावसात त्या छज्जाखाली तासभर उभा होतो. मागे दार उघडंच होतं. मला वाटायचं, हे गिऱ्हाइकांसाठी असतं."

मला हसायचा अधिकार नव्हता. लग्नाआधी आम्ही दोघं इथल्याच समोवारमध्ये चहा घेत बसायचो. ते कॅफे २०१५ मध्ये बंद झालं. तेव्हा चित्रं कुठे पाहिली होती? दालनाला वळसा घालून थेट टेबल गाठायचो.

पहिल्या दालनात मोठमोठी अमूर्त चित्रं होती. नवरा प्रत्येकापुढे सारखाच वेळ उभा राहिला, देवळातल्या रांगेत राहतात तसा. मी त्यातल्या एका निळ्यापाशी रेंगाळले, का ते सांगता येणार नाही. धाकट्याने दोन मिनिटांत फेरी पूर्ण करून "झालं" जाहीर केलं.

दुसऱ्या दालनात मात्र आमचा दीड तास गेला. जलरंगातली निसर्गचित्रं, नदीचे घाट, उसाच्या गाड्या, बाजाराचा दिवस. कोपऱ्यात खुर्चीवर चित्रकार स्वतः बसले होते, सांगलीकडचे. धाकट्याने दुरूनच विचारलं, "चित्राला टिकली का लावलीय?"

एका चित्राखाली नावाच्या पट्टीवर लाल गोल स्टिकर होता. मी त्याला गप्प करणार, तेवढ्यात चित्रकारच उठून आले. "टिकली लागली म्हणजे त्याचं लग्न ठरलं. आता ते दुसऱ्याच्या घरी जाणार." मग माझ्याकडे बघून, "विकलं गेलं की लावतात."

लेक एका घाटाच्या चित्रापुढे नाक लावून उभी होती. पाण्यावरची चमक तिला खुपत होती. तिने धीर करून विचारलं, "पांढरा कुठला वापरला?"

"पांढरा वापरलाच नाही. कागद सोडलाय."

तिचा विश्वास बसेना. त्यांनी तिला बाजूला, भिंतीला जवळजवळ गाल टेकेल अशी उभी केली. तिथून दिव्याचा उजेड तिरपा पडत होता आणि कागदाचा खरखरीत पोत दिसत होता. चमक होती तिथे खरंच कोरा कागद. कडेला पेन्सिलची एक पुसट रेघ, न खोडलेली. निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, त्या रेघेपर्यंत येऊन थांबलेला. आमची ही किटलीवरची चमक शेवटी पोस्टर कलरच्या पांढऱ्याचा ठिपका देऊन काढते, ग्रेड परीक्षेची सगळी मुलं तसंच करतात. "म्हणजे आधीच ठरवायला लागतं, कुठे काही करायचं नाही ते?" ती म्हणाली. ते म्हणाले, "तेवढंच तर अवघड आहे." मग इंटरमिजिएटचं विचारलं, आणि स्मरणचित्रात माणसांना पाय काढतेस की साडी-धोतराने झाकतेस, असंही. ती लाजून हसली. झाकते.

अप्पांनी तोवर कारकुनी चौकशी चालवली होती. जागा कशी मिळते, भाडं असतं का, परवडतं का. अर्ज केल्यावर चार वर्षांनी हा आठवडा मिळाला, चित्रकारांनी सांगितलं. चित्रं रात्रीच्या टेम्पोने आणली, मुक्काम दादरला मेहुण्यांकडे. "एक टिकली लागली की टेम्पो सुटतो, चार लागल्या की हॉलचं भाडं." शनिवारपर्यंत दोन लागल्या होत्या. अप्पांनी किमतींचा कागद पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि मला कानात म्हणाले, "माझ्या पहिल्या पंचवीस पगारांची बेरीज आहे ही." तरी जाताना त्या गृहस्थांना हात जोडून म्हणाले, "अजून दोन दिवस आहेत. लागतील." अभिप्रायाच्या वहीत लोकांनी 'अप्रतिम' आणि 'मनाला भावलं' लिहिलं होतं. धाकट्याने खाली लिहिलं, 'चित्र छान आहे. बसायला जागा नाही.'

जेवायला ओव्हल मैदान. काळा घोड्याच्या हॉटेलांचे दर बाहेरच्या पाटीवरच कळतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, समोर एकाच वेळी सातआठ क्रिकेटच्या मॅच, मागे राजाबाई टॉवर. एकीचा चेंडू आमच्या डब्यापर्यंत आला.

दुपारी एक खासगी गॅलरी. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, दार बंद, बाजूला बेल. इथे मात्र सगळेच अडलो. कोणाच्या तरी घरी न बोलावता आल्यासारखं वाटत होतं. शेवटी लेकीने बेल दाबली. एका मुलीने दार उघडलं, "या" म्हणाली आणि परत लॅपटॉपपाशी जाऊन बसली. बस्स, एवढंच असतं. चित्रांखाली नावं नाहीत, टेबलावरचा छापील कागद आपण उचलायचा. धाकट्याच्या बुटांचा चुकचुक आवाज एवढा घुमत होता की त्याने ते स्वतःच काढून हातात घेतले.

आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर व्हिडिओ चालू होता, समुद्र आणि एक लाँच. समोर बाक होतं. अप्पा टेकले ते वीस मिनिटं उठले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "लाँच किनाऱ्याला लागतच नाही. लागेल वाटतं, तेवढ्यात परत पहिल्यापासून सुरू होतं. दोनदा बघितलं." आवडलं का, विचारलं तर म्हणाले, "बाक चांगलं होतं."

यादीत अजून एक गॅलरी होती, ती सोडून दिली. तीन दालनांनंतर डोळ्यांत काही जात नाही, आणि धाकट्याच्याही सहनशक्तीला मर्यादा आहे. सव्वापाचची गाडी मिळाली.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन लागलं की तिकडे जायचं आहे, ते तर सीएसएमटीपासून चालत पाच मिनिटांवर. अप्पांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. शनिवारी दिवसा मेगाब्लॉक नसतो असं मी सांगून पाहिलं, तर म्हणाले, "तरी तू बघून घे."