तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पूर्वजांच्या देशात हिब्रूच बोलत ना?

लग्नात हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, कतुबा वाचू लागला की आमच्या सिनेगॉगमधली कुजबुज थांबते. कतुबा म्हणजे नवऱ्याने नवरीला लिहून दिलेला करार. शेजारी बसलेली एखादी पाहुणी हळूच विचारते, "हिब्रू ना ही?" मी सांगते, "नाही, अरामी." मग जेवताना पुढचा प्रश्न येतोच. तुम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहूदी लोक, घरी मराठी बोलता, प्रार्थना हिब्रूत करता, लग्नाचा कागद अरामीत; मग तुमच्या पूर्वजांच्या देशात लोक बोलत तरी काय होते? हिब्रूच ना?

जेवणाच्या गडबडीत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

आधी एक प्रसंग सांगते. इ. स. पू. ७०१. अश्शूरी फौज यहूदा देशावर चालून आलेली आहे आणि त्यांचा सरदार, रब्शाके, यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून धमक्या देतो आहे. देतो त्या यहूद्यांच्याच भाषेत, म्हणजे हिब्रूत. हिज्कीया राजाचे कारभारी कळवळून त्याला म्हणतात, आमच्याशी अरामीत बोला, ती आम्हाला समजते. तटावरची माणसं ऐकतायत, त्यांच्यासमोर यहूदी भाषा नको. तो ऐकत नाही. उलट आवाज चढवून पुन्हा हिब्रूतच सुनावतो. बायबलच्या '२ राजे'मध्ये हे सगळं आहे. त्या काळी अरामी ही दरबाराची, परराष्ट्रांशी व्यवहाराची भाषा होती. तटावर भाला धरून उभ्या असलेल्या साध्या माणसाची भाषा होती हिब्रू.

पुढे चित्र बदललं. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं, लोकांना बाबेलला नेलं. त्यानंतर इराणी साम्राज्य आलं आणि त्याचा कारभार अरामीत चाले. जे परतले ते अरामी घेऊन परतले. आमच्या तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीवरची चौकोनी अक्षरंसुद्धा मुळात अरामी लिखाणातून आलेली आहेत. जुनी हिब्रू लिपी वेगळीच होती. यरुशलेम पडल्यावर दीडेकशे वर्षांनी यहूदाचा सुभेदार नहेम्या याला आढळलं की मिश्र लग्नांतली मुलं अर्धवट शेजारच्या अश्दोद शहराची बोली बोलतात, यहूदी भाषा त्यांना येत नाही. तो इतका भडकला की त्याने काही जणांचे केस उपटले. त्याचा संताप मला समजतो, पण केस उपटून भाषा टिकत नाही.

ती टिकली दुसऱ्याच रीतीने. सिनेगॉगमध्ये तोरा वाचणाऱ्याशेजारी एक दुभाषा उभा राहू लागला. त्याला मेथुर्गमान म्हणत. वाचणारा हिब्रूत एक वचन वाची, दुभाषा तेच अरामीत सांगे, मग पुढचं वचन. त्याने तोंडीच सांगायचं आणि वाचणाऱ्याने त्याला मध्येच शब्द सुचवायचा नाही, असा नियम होता. भाषांतरही तोरातच लिहिलंय असं कुणाला वाटू नये, हा त्यामागचा हेतू. मला ही काळजी फार मोलाची वाटते. लोकांना कळलं पाहिजे, आणि मूळ कुठलं आणि अर्थ कुठला हेही कळलं पाहिजे.

इथवर आलं की लोक म्हणतात, म्हणजे हिब्रू प्रार्थनेत आणि अरामी घरात, असंच ना? हे उत्तर इतकं सोयीचं आहे की मीसुद्धा अनेक वर्षं तेच देत होते. पण ते पुरेसं खरं नाही. का ते एका मोलकरणीने शिकवलं.

इ. स. २०० च्या सुमारास गालीलात रब्बी यहूदा हन्नासी यांनी मिश्ना हा धर्मनियमांचा ग्रंथ सिद्ध केला, तोही हिब्रूत. तल्मूद या पुढच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात त्यांच्या घरातल्या मोलकरणीच्या गोष्टी आहेत. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला एक शब्द पंडितांना अडला होता. एकदा त्यांनी तिला सोबतीणीला सांगताना ऐकलं, "झाडू घे आणि घर झाड." अडलेला शब्द तिच्या तोंडी होता! दुसऱ्या एका शब्दावर ते अडले होते, 'हलगलुगोत'. एक माणूस भाजी सांडत चालला होता, त्याला ती म्हणाली, किती वेळ तुझी हलगलुगोत सांडत राहणार? तेव्हा कळलं, ही तर घोळाची भाजी. घोळ आपल्याकडेही मंडईत मिळते. आता निवडायला घेतली की मला ती बाई आठवते. पंडितांची पवित्र भाषा तिच्या केरसुणीला आणि भाजीला चिकटलेली होती. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला खंत वाटते.

बार कोखबाने रोमविरुद्ध केलेल्या बंडातली (इ. स. १३२ ते १३५) पत्रंही हेच सांगतात. १९६० मध्ये मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरच्या एका गुहेत यिगाएल यादीन यांच्या पथकाला ती सापडली. काही हिब्रूत, काही अरामीत, काही ग्रीकमध्ये. बंडखोरांच्या नाण्यांवर अक्षरं जुन्या हिब्रू लिपीतली, म्हणजे अभिमान हिब्रूचा. पण सुक्कोथच्या सणासाठी झावळ्या आणि महाळुंगं आणायला दोन गाढवं पाठवतोय, हे पत्र अरामीत. त्याच सणाच्या सामानाबद्दलचं आणखी एक पत्र चक्क ग्रीकमध्ये आहे आणि हिब्रूत लिहिणं जमलं नाही अशी सबबही त्यात दिलेली आहे. रोमशी लढाई चालू आहे, सण तोंडावर आलाय, महाळुंग वेळेत पोचायला हवं. जी भाषा लिहिणाऱ्याच्या हाताला येईल ती चालेल.

ग्रीक तर प्रार्थनेतही होती. कैसरियात काही यहूदी 'शमा', म्हणजे देव एकच आहे असं सांगणारा आमचा मुख्य पाठ, ग्रीकमध्ये म्हणताना एका रब्बींनी ऐकले आणि त्यांना थांबवायला निघाले. रब्बी योसे रागावले. ज्याला हिब्रू अक्षरं वाचता येत नाहीत त्याने शमा म्हणायचाच नाही का, असं त्यांनी विचारलं. हे वाचताना माझा गळा दाटून येतो. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत होते, शनिवार पाळत होते, म्हणून शनिवार तेली म्हणवले जात. आमच्यात सांगतात की त्यांच्या लक्षात बाकी काही उरलं नव्हतं तेव्हाही 'शमा इस्राएल' उरला होता. रब्बी योसेंनी त्यांनाही हाकललं नसतं.

आणि प्रार्थना हिब्रूत असं आपण म्हणतो खरं, पण मृतांसाठी म्हणतो तो कद्दीश बहुतेक अरामी आहे. पेसाखच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री हग्गादा हे त्या कथेचं पुस्तक वाचायला घेतो तेव्हा सुरुवातीचं आमंत्रणही अरामीच, 'हा लहमा अन्या', ही ती गरिबीची भाकर. भुकेल्याला कळावं म्हणून ते लोकभाषेत, असं जुने लोक सांगत. पुण्यात १८७४ साली हिब्रूसोबत मराठी असलेला हग्गादा छापला गेला, तोही त्याच वाटेने.

आमच्या घरी बाबा ती ओळ अरामीत म्हणत. त्यांचं संपायच्या आत आजी उठून दाराशी जाई, कडी काढी आणि बाहेरच्या अंधारात मोठ्याने मराठीत सांगे, "ज्याला भूक लागली असेल त्याने आत यावं, जेवावं." मग पाटावर येऊन बसली की बाबा पुढची ओळ घेत.