तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यात गळ टाकायला पैसे कशाला भरता?

उन्हाळा आला की मिशिगनमधल्या मराठी घरांत कुणाचे आईबाबा येतात, कुणाचे सासूसासरे येतात, आणि मी मासे मारतो हे मंडळात सगळ्यांना माहिती असल्यामुळे त्यातले निम्मे तरी एकदा माझ्याबरोबर तळ्यावर येतात. आणि मग हा प्रश्न येतोच. "अहो, पाणी देवाचं, मासा देवाचा, आणि तुम्ही पैसे भरून गळ टाकता? जातात कुठे ते पैसे?" परवा एका काकांनी त्यात भर घातली, "आणि इथलं जंगलखातं म्हणे शिकाऱ्यांच्या लायसन्सवर चालतं. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच की!" विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो, तळ्यावर बोलत बसलं की मासा आमिष खाऊन निघून जातो.

मी मूळचा मालवणकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचं म्हणजे गरी, तंगूस, चार कोळंब्या आणि घरून ओरडा, एवढंच भांडवल. परवाना, नोंदणी, जून-जुलैची बंदी हे सगळं होडीवाल्यांचं आणि ट्रॉलरवाल्यांचं, काठावर बसलेल्या पोराला कोण विचारतंय. त्यामुळे काकांचा प्रश्न मला अजिबात वेडगळ वाटत नाही, मी पण पहिलं लायसन्स नाक मुरडूनच काढलं होतं.

इथली पद्धत अशी की वय १७ किंवा जास्त असेल तर गळ हातात धरायला लायसन्स लागतं. २०१४ मध्ये मिशिगनने लायसन्सचे ढीगभर प्रकार मोडून एकच ऑल-स्पिसीज केलं, म्हणजे ट्राउट असो, सामन असो की ब्लूगिल असो, सगळ्या माशांना एकच लायसन्स. तेव्हा राज्यात राहणाऱ्याला २६ डॉलर आणि बाहेरच्याला ७६ असा भाव ठरला, आणि एका दिवसापुरतं हवं असेल तर १०. जूनमध्ये आणि फेब्रुवारीत एकेक वीकेंड फुकट असतो, तेव्हा कुणीही या आणि गळ टाका. आता आमच्या लोकांची विमानं नेमकी तो जूनचा वीकेंड संपल्यावर येतात त्याला कोण काय करणार.

एका मित्राचे बाबा असेच आले होते, मी आमिष बदलत होतो तेवढ्यात त्यांनी "बघू, जड आहे का" म्हणून रॉड हातात घेतला आणि नेमका तेव्हाच डीएनआरचा, म्हणजे मासे-जंगल बघणाऱ्या राज्याच्या खात्याचा माणूस, कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, झाडीतून आला. कमरेला पिस्तुल, चेहऱ्यावर हसू. त्याने काही दंडबिंड केला नाही, फोनवर दहा डॉलरचं लायसन्स निघतं ते दाखवलं आणि मग माझा कूलर उघडायला सांगितला. आत वॉलाय जातीचा एक मासा होता. त्याने तो पट्टीवर आडवा ठेवला, तोंड मिटवलं, नाक पट्टीच्या टोकाला टेकवलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून एकत्र केली आणि वाकून बघितलं. वॉलायला बहुतेक ठिकाणी १५ इंच लागतात, माझा जेमतेम वर होता. बाबा म्हणाले, "आमच्याकडे एवढं बारकाईने सोनंसुद्धा मोजत नाहीत." तर पैसे कुठे जातात याचं पहिलं उत्तर ते. त्या माणसाच्या पगारात, त्याच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये, आणि त्या १५ इंचाचा आकडा ठरवायला तळ्यातळ्यात जाळी लावून मासे मोजणाऱ्या लोकांच्या पगारात.

दुसरं उत्तर बघायचं असेल तर ऑक्टोबरात वर उत्तरेला जायचं, ऑनर नावाच्या छोट्या गावाजवळ प्लॅट नदीवर राज्याची मत्स्यबीज हॅचरी आहे. राज्याच्या अशा सहा आहेत. कोहो सामन लेक मिशिगनमधून नदीत चढून येतात, नदीत आडवं कुंपण घातलेलं असतं, तिथून त्यांना टाक्यांमध्ये घेतात, आणि रबरी डगले घातलेली माणसं मादीची अंडी बादलीत काढून त्यावर नराचा चीक घालून हलक्या हाताने ढवळतात. केशरी, मोठ्या साबुदाण्याएवढी अंडी, बादल्याच्या बादल्या. माझ्या सासूबाई ते बघून अस्वस्थच झाल्या, "एवढी गाबोळी! आणि तळत नाहीत?" नाही तळत, त्यातून पिल्लं काढतात, दीडेक वर्ष वाढवतात आणि वसंतात नदीत सोडतात, मग ती तळ्यात जाऊन मोठी होतात आणि आमच्यासारखे लोक त्यांच्यामागे लागतात.

गंमत म्हणजे हा सामन इथला नाहीच. लेक मिशिगनमधला मूळचा लेक ट्राउट जास्तीच्या मासेमारीने आणि समुद्रातून कालव्यांच्या वाटेने आलेल्या लँप्रीने, म्हणजे दुसऱ्या माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या माशाने संपवला, मोठा मासा गेला तसा एलवाइफ नावाचा बारका, बाहेरून आलेला मासा बेसुमार वाढला, इतका की १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे किनाऱ्यावर ढीगच्या ढीग पडले. त्याच्या जरा आधी हॉवर्ड टॅनर नावाच्या राज्याच्या मत्स्यप्रमुखाने ऑरेगॉनहून कोहोची अंडी आणली आणि १९६६ मध्ये पहिली पिल्लं याच प्लॅट नदीत सोडली, की खाऊ देत तो एलवाइफ. जुगारच होता. तो लागला, किनाऱ्यावरची गावं चार्टर बोटींवर, म्हणजे मासेमारीला भाड्याने नेणाऱ्या बोटींवर जगायला लागली. पण कायमचा नाही लागला, लेक ह्युरॉनमध्ये २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एलवाइफ संपले आणि त्यांच्यावर जगणारे चिनूक सामन पण गेले. हे सगळं बघायला, मोजायला, यंदा किती पिल्लं सोडायची हे ठरवायला माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो.

आता काकांच्या किल्ल्यांकडे येतो. लायसन्सचे पैसे गोळा करणं यात काही विशेष नाही हो, पैसे सगळीच सरकारं गोळा करतात. विशेष आहे ते त्यावरचं कुलूप.

एकोणिसाव्या शतकात इथे जी कत्तल झाली तिला तोड नाही. पॅसेंजर पिजन नावाची कबुतरं आकाश झाकून टाकायची, १८७८ मध्ये इथेच मिशिगनमध्ये पेटॉस्कीला त्यांची शेवटच्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती, ती बाजारासाठी मारणाऱ्यांनी पिंपं भरभरून रेल्वेने शहरांत पाठवली, आणि १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची मादी मेली. मग राज्यांनी शहाणपण शिकून शिकारीवर बंधनं आणली, लायसन्सं सुरू केली. पण पैसा दिसला की आमदारांचे हात शिवशिवतात, हे तर तुम्हाला सांगायला नकोच. काही राज्यांत लायसन्सचा पैसा भलतीकडेच वळवला जायचा.

त्यावर १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा १०-११ टक्के केंद्रीय कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यायचा. रॉबर्टसन हा व्हर्जिनियाचा खासदार आधी तिथल्या शिकार-मासे खात्याचा प्रमुख राहिलेला, त्यामुळे त्याला सगळ्या पळवाटा पाठ, त्याने एक अट घातली की ज्या राज्याला हा पैसा हवा त्याने आधी स्वतः कायदा करायचा, शिकारीच्या लायसन्सचा पैसा त्या खात्याच्या कामाशिवाय कशालाच वापरणार नाही असा. वापरलात तर केंद्राचा पैसा बंद. आणि केंद्राचा पैसा साधासुधा नाही, राज्याने मान्य कामावर एक डॉलर घातला तर केंद्र तीन घालतं. मग कोण आमदार हात लावतोय? माझ्या मते सगळ्या कायद्यात हीच एक ओळ खरी हुशारीची आहे, कर काय कुणीही लावतं.

माशांसाठी तसाच कायदा १९५० मध्ये झाला, डिंगेल-जॉन्सन, रॉड, रीळ, गळ यांच्यावर १० टक्के. कर कारखानदाराकडूनच घेतात म्हणून आपल्या बिलावर दिसत नाही, पण तुम्ही नातवाला वॉलमार्टमधून रॉड घेऊन दिलात ना काका, तेव्हा तुम्ही पण वाटा उचललात. १९८४ पासून मोटरबोटीच्या इंधनावरच्या कराचा भाग पण त्यात येतो.

आणि आता जो भाग कुणालाच माहिती नसतो. माशांचा हा पैसा राज्यांत वाटताना ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के लायसन्सवाल्यांच्या संख्येवर वाटतात. डोकी मोजतात. एका माणसाने चार प्रकारची लायसन्सं काढली तरी डोकं एकच. म्हणजे मी लायसन्स काढलं की माझे २६ डॉलर तर गेलेच, पण माझं डोकं मिशिगनच्या खात्यात पडलं आणि त्यावर वॉशिंग्टनहून आणखी पैसे आले. म्हणून ज्या वर्षी कामामुळे तळ्यावर जायला जमेल असं वाटत नाही त्या वर्षी पण मी लायसन्स काढतो, आणि बायको, जिला गांडूळ बघवत नाही, ती पण काढते. शेजारचा गोरा म्हातारा म्हणतो तुम्ही भारतीय लोक हिशेबाचे पक्के. आहोतच.

मग काकांचं म्हणणं चूक का? सगळं चूक नाही. ज्याचे पैसे त्याचं ऐकलं जातं हे जगात कुठेही खरं, इथे पण हरीण, टर्की, बदक, वॉलाय यांच्याकडे जेवढं लक्ष तेवढं बेडकाकडे आणि शिंपल्याकडे नाही. हरीण आणि टर्की एकेकाळी संपत आले होते, आज इतके आहेत की आमच्या मागच्या अंगणातली तोंडली खाऊन जातात. पण ज्याला कुणी मारत नाही आणि खात नाही त्याचा वाली कोण? शिवाय शिकारी म्हातारे होतायत, १९८० च्या दशकात दीड कोटीच्या वर होते ते २०१६ च्या सरकारी पाहणीत १ कोटी १५ लाखावर आले. त्याच पाहणीत पक्षी-प्राणी नुसते बघणारे ८ कोटी ६० लाख. ते दुर्बिणीवर असला एक पैसा कर भरत नाहीत. आणि बंदुकीच्या कराचं म्हणाल तर हल्ली बंदूक घेणारे कितीतरी जण जंगलाकडे फिरकत पण नाहीत, भीतीने घेतात, कपाटात ठेवतात, म्हणजे देशात भीती वाढली की हरणांच्या कुरणाला पैसे जास्त. मला हे पचत नाही, पण हिशेब असाच आहे.

आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे बघा. १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे शिकाऱ्याच्या पैशाचा प्रश्नच नाही, ताडोबाच्या गेटवर तुम्ही जे पैसे भरता ते व्याघ्र प्रतिष्ठानकडे जातात, म्हणजे तिथे बघणारा पैसे देतो. पण तो देतो वाघासाठी, माळढोकाच्या गेटवर कोण रांग लावतंय? सगळीकडे ज्याला गिऱ्हाईक त्यालाच भाव.

यावर इथे एक प्रयत्न झाला, आणि त्यात एक कौटुंबिक भाग आहे जो मला फार आवडतो. १९५० च्या त्या कायद्यातले डिंगेल म्हणजे आमच्या डेट्रॉइटचे खासदार जॉन डिंगेल. त्यांचा मुलगाही जॉन डिंगेल, तो बापाच्या जागी निवडून आला आणि ५९ वर्षं खासदार राहिला. आणि त्याच्या मागून त्याची बायको डेबी डिंगेल. तिने आणलेलं बिल असं होतं की ज्यांचं लायसन्स कुणी काढत नाही अशा प्राण्यांसाठी राज्यांना आणि आदिवासी जमातींना दरवर्षी सव्वा अब्ज डॉलरच्या वर द्यायचे, कुणाच्या लायसन्सवर न टाकता सरळ सरकारी तिजोरीतून. जून २०२२ मध्ये ते हाउसमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत पास झालं. सिनेटमध्ये मात्र पैसा कुठून आणायचा यावर घोडं अडलं आणि मतदानच झालं नाही. सासऱ्याने मच्छीमारांकडून पैसे काढले ते काढले, सुनेला सगळ्यांकडून काढता आले नाहीत.

काही राज्यांनी आपापला मार्ग काढलाय. मिझुरीने १९७६ मध्ये मतदान घेऊन सेल्स टॅक्समधला एक अष्टमांश टक्का यासाठी बांधूनच टाकला, म्हणजे तिथे दूध नाही पण चपला घेणारा माणूससुद्धा बेडकासाठी पैसे देतो असं मी गमतीत म्हणायचो, तर तिथल्या एका मित्राने सांगितलं की दुधावर पण लागतो. मिनेसोटाने २००८ मध्ये तसंच केलं, २५ वर्षांसाठी. मिशिगनमध्ये तसं काही नाही, आमच्याकडे गाडीच्या नोंदणीबरोबर रिक्रिएशन पासपोर्ट घेता येतो पण तो पैसा पार्कांचा.

ज्यांना गळ, बंदूक दोन्ही नको त्यांनी काय करायचं असं वहिनींनी विचारलं होतं. पोस्टात डक स्टँप नावाचं, पाणपक्ष्याच्या चित्राचं केंद्र सरकारचं तिकीट मिळतं, तो १९३४ मध्ये एक डॉलरला सुरू झाला, २०१५ पासून २५ ला आहे, दिसतो पण छान. बदकं मारणाऱ्यांना तो सक्तीचा, पण कुणीही घेऊ शकतं आणि त्यातले ९८ टक्के पाणथळ जागा विकत घ्यायला आणि भाड्याने घ्यायला जातात. शिवाय ज्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजला, म्हणजे केंद्राच्या अभयारण्याला, प्रवेश फी आहे तिथे तो दाखवला की फुकट. फक्त एक लक्षात असू द्या, डक स्टँप घेतला म्हणून लायसन्सवाल्यांच्या त्या मोजणीत तुमचं डोकं धरत नाहीत. ते धरायला हवं असेल तर लायसन्सच काढावं लागतं, गळ टाका नाहीतर टाकू नका.